बशीत मरणारी पेशी आणि पोटातली गाठ

गाठीतल्या पेशींवर लॅबमध्ये औषधं टाकून पाहावीत आणि मगच केमो ठरवावी का, असा प्रश्न पडू शकतो. ऐकायला पटतं. पण लॅबच्या बशीत मरणारी पेशी पोटातही मरेलच असं नाही. ॲस्को या अमेरिकन कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने २०११मध्येही संशोधनाबाहेर या चाचणीवरून औषध निवडू नका असंच सांगितलं.

माझ्या मावशीला ओव्हरीचा कॅन्सर; परळच्या हॉस्पिटलच्या वाऱ्या मीच केल्या. सुरुवातीला बहुतेकांना देतात तेच कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल, म्हणजे केमोच्या दोन औषधांची जोडी, तिलाही दिलं. मात्र डोस सरसकट नसतो हं! कार्बोप्लॅटिनचं माप किडनी किती गाळते यावर काढतात, म्हणून आधी क्रिएटिनिन ही किडनीची रक्ततपासणी. खरी निवड पुढे. बीआरसीए जनुकात दोष निघाला (तो आईवडिलांकडून मुलांत येऊ शकतो) तर केमोला प्रतिसाद मिळाल्यावर ओलापॅरिबसारख्या गोळ्या. आजार उलटला तर शेवटच्या प्लॅटिनमला (म्हणजे कार्बोप्लॅटिनसारख्या औषधाला) ६ महिने झालेत का, ते बघून पुढचं औषध ठरवतात. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर असेल तर एमएमआर तपासणीचं (पेशीतली डीएनए-दुरुस्ती नीट चालते का, ते बघणारी) विचारा. बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मात्र जपा, पुढच्या तपासण्यांना तोच लागतो.

मावशीचं बीआरसीए पॉझिटिव्ह आलं तेव्हा तिच्या लेकीने स्वतःची रक्ततपासणी वर्षभर टाळली. शेवटी मीच तिला दादर स्टेशनवर गाठून हाताला धरून नेलं.