सर्वेक्षणात दिव्यांगत्व मोजायचं तर एक प्रश्न पुरतो का?

प्रश्नावली_वाला: तालुक्यातल्या १,००० कुटुंबांचं सर्वेक्षण आहे. 'घरात कोणी दिव्यांग आहे का?' आणि पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातले २१ प्रकार, एवढं पुरेल का? दिव्यांग आणि इतरांमधली शिक्षण-रोजगारातली तफावतही काढायची आहे.

कोष्टक: तो प्रश्न काढाच. २०११ च्या जनगणनेत याच धाटणीचा प्रश्न होता, आकडा आला फक्त २.२१ टक्के. 'दिव्यांग' म्हटलं की घरचे कुबडी नाहीतर चाकाची खुर्ची आठवतात. ऐकू न येणारी आजी 'वय झालंय' या खात्यात जाते. आणि २१ प्रकारांचं निदान प्रगणकाने दारात उभं राहून करायचं?

वॉशिंग्टन ग्रुप या दिव्यांगत्वाच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचे सहा प्रश्न घ्या: पाहणं, ऐकणं, चालणं-पायऱ्या चढणं, लक्षात ठेवणं-लक्ष देणं, अंघोळ-कपडे, बोललेलं समजणं-समजावणं. उत्तरं चार: काहीच अडचण नाही, थोडी, खूप, जमतच नाही. एका जरी बाबतीत 'खूप' किंवा 'जमतच नाही' आलं तर दिव्यांग म्हणून मोजायचं. 'थोडी' धरलीत की आकडा फुगलाच. पाच वर्षांखालच्यांना हा संच चालत नाही. २ ते १७ वयासाठी युनिसेफसोबत केलेले वेगळे प्रश्न आहेत, ते आईला किंवा सांभाळणाऱ्याला विचारतात.

गावफेरी: भाषांतरात 'त्रास' नको, 'अडचण' लिहा. 'चालायला त्रास होतो का' विचारलं की गुडघेदुखीचं पुराण सुरू होतं. पाहण्याच्या प्रश्नातले 'चष्मा लावूनसुद्धा' हे शब्द गाळू नका. चारही पर्याय दर वेळी वाचून दाखवायचे. प्रगणक दुसऱ्या घरापासूनच 'नाही ना?' म्हणून खूण करून मोकळे होतात. हे सगळं योजनांच्या प्रश्नांआधी घ्या, नाहीतर 'काही मिळणार का?' या आशेने उत्तरं बदलतात.

प्रश्नावली_वाला: मग दिव्यांगत्वाच्या सरकारी प्रमाणपत्राचं विचारायचंच नाही?

गावफेरी: विचारा, पण शेवटी आणि वेगळं. 'खूप अडचण' आहे पण प्रमाणपत्र नाही, हा गट हाती लागतो. दोन्ही एकात मिसळू नका.

कोष्टक: तफावतीचं अवघड आहे. १,००० कुटुंबांत १५ ते ५९ वयाचे २,५०० जण धरा. त्यांच्यात अडचण असलेले ३ टक्के धरले तर ७५. त्यांच्यातले निम्मे कामावर असले तर अंदाज ११ टक्क्यांनी वरखाली होणार, गावं निवडून नमुना घेतलात तर त्याहून जास्त. त्यापेक्षा आधी बऱ्याच जास्त घरांत फक्त सहा प्रश्न फिरवा. मग अडचण असलेली सगळी घरं आणि बाकीच्यांतली थोडी निवडा, भारांक (कोणत्या गटातली किती घरं निवडली त्यानुसार उत्तरांना द्यायचं वजन) लावायला विसरू नका. तुलना वयोगटातच करा. अडचण म्हाताऱ्यांत जास्त आणि शिक्षण त्यांच्यातच कमी, त्यामुळे सरसकट टक्केवारीत वयाचा फरक दिव्यांगत्वाच्या नावावर जातो.