अर्धवट सुटलेली पुस्तकं : नेमकं कुठे आणि कशामुळे अडतं?

जुळेसोलापूर

आमच्या वाचनगटात चौदा जण आहेत, महिन्याच्या शेवटच्या रविवारी दीड तास बैठक असते. या वेळचा विषय आहे 'न आवडलेलं किंवा अर्धवट सोडलेलं पुस्तक'. या विषयावर बोला म्हटलं की "रटाळ आहे", "पकड घेत नाही", "डोक्यावरून गेलं" यापलीकडे गाडी सरकत नाही. ज्याला तेच पुस्तक प्रिय असतं तो लगेच वादाला उभा राहतो आणि वेळ तिथेच संपतो.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. किती पानं वाचून सोडलं तर पुस्तकाला पुरेशी संधी दिली म्हणायची? दुसरं, गटात पाच-सहा जणांची घरची भाषा कानडी किंवा तेलुगू आहे. शिक्षण मराठीत झालंय, वाचन चांगलं आहे, पण बोलीतल्या कादंबरीपाशी हमखास थांबतात. त्यांना काय सुचवावं? आणि बैठक चालवायची कशी, म्हणजे प्रत्येकाकडून काहीतरी नेमकं ऐकायला मिळेल?

मधलं_पान

पानांच्या आकड्याबद्दल आधी. सिॲटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा नियम बऱ्याच ठिकाणी वापरतात : वय पन्नासपर्यंत असेल तर ५० पानं वाचायची, त्यापुढे १०० मधून वय वजा करून येतील तेवढी. म्हणजे ६८ वर्षांच्या वाचकाने ३२ पानं दिली की झालं. नियम सुटसुटीत आहे, पण आपल्याकडच्या पुस्तकांना तो जसाच्या तसा लावू नका. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) इतकी छोटी आहे की ५० पानांत बराच मजकूर संपतो. उलट 'तुंबाडचे खोत'सारख्या दोन खंडांच्या, चार पिढ्यांच्या कादंबरीत ५० पानं म्हणजे अजून अंगणातच उभं असणं. मला हिशोब असा योग्य वाटतो : एकूण पानांचा दहावा भाग, पण ३० पेक्षा कमी नाही, आणि थांबायचं ते प्रकरण संपल्यावर. प्रकरणाच्या मध्यावर सोडलेल्या पुस्तकाबद्दल नंतर काहीच धड आठवत नाही.

मात्र किती वाचलं यापेक्षा कुठे सुटलं हे जास्त बोलकं असतं. पहिल्या तीस-चाळीस पानांत सुटलं तर कारण बहुतेक भाषा, नावांची गर्दी किंवा चुकीची अपेक्षा. मध्यावर सुटलं तर लेखकाने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली असेल, किंवा वाचनात आठ-दहा दिवसांचा खंड पडला असेल. शेवटच्या चतकोरात सोडलं असेल तर ती नावड खरी. इतकं वाचून माणूस उगाच सोडत नाही, तिथे पात्राचं वागणं पटलेलं नसतं किंवा लेखकाने शेवट उरकलेला असतो. म्हणून प्रत्येकाला पुस्तकाचं नाव विचारण्याआधी पान क्रमांक विचारा.

नावांच्या गर्दीवर उपाय सोपा आहे. पोस्टकार्डाएवढा कागद खुणेसाठी ठेवायचा आणि त्यावर वंशावळ लिहीत जायची. नाव, कोणाचा कोण, आणि पहिल्यांदा कुठल्या पानावर आला. तिसरी गोष्ट सगळ्यात कामाची, कारण विसरल्यावर माणूस मागचं सगळं पुस्तक चाळत बसतो आणि तिथेच कंटाळतो. पंधरा-वीस नावं झाली की पुढे कागद लागत नाही.

आणखी एक, वेळेचा हिशोब. वाचनालयाचं पुस्तक पंधरा दिवसांत परत करायचं असेल आणि ते ५०० पानांचं असेल तर रोज ३४ पानं होतात. डेमी (म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या) आकाराच्या पानावर अडीचशे-तीनशे शब्द धरले तर सावकाश वाचणाऱ्याला पानाला दोन मिनिटं, म्हणजे रोज तास-सव्वा तास. हा वेळ मिळाला नाही म्हणून परत गेलेलं पुस्तक 'न आवडलेलं' या रकान्यात घालू नये.

पूर्वभाग

बोलीच्या प्रश्नाबद्दल. कानडी-तेलुगू घरातल्या वाचकाला शब्द अडवत नाहीत, शब्दांची बदललेली रूपं अडवतात. शाळेत शिकलेलं रूप डोळ्यांत पक्कं बसलेलं असतं. छापलेलं रूप वेगळं दिसलं की तो शब्द नवाच वाटतो, आणि शब्दकोशात तर तो सापडतच नाही. म्हणून अर्थांची यादी देऊ नका, बदलांची यादी द्या. ती फार लहान असते.

उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) घ्या. पात्रं वऱ्हाडी बोलतात. त्यासाठी चार गोष्टी माहीत हव्यात : 'मला, तुला, त्याला' यांच्या जागी 'मले, तुले, त्याले', 'होता'ऐवजी 'व्हता', 'करतो आहे'साठी 'करून राह्यलो', आणि पुष्कळदा 'ळ'च्या जागी 'य', म्हणजे शाळेची शाया, डोळ्याचा डोया. एवढं कागदावर समोर असलं की नायिका कौतिकचं बोलणं अडत नाही. आनंद यादवांच्या 'गोतावळा'त (१९७१) अडचण मोठी आहे, कारण तिथे फक्त संवाद नव्हे, सगळं निवेदनच नायक नारबाच्या तोंडून, कोल्हापूरकडच्या बोलीत येतं. प्रमाण भाषेत दम खायला एक परिच्छेदही मिळत नाही. तिथे लक्षात ठेवायचं ते असं : सुरुवातीचा 'वि' गळून 'इ' होतो (विहीर–इहीर, विचार–इचार), 'नाही'चं 'न्हाई' आणि 'एक'चं 'येक'.

दुसरी गोष्ट, पहिली वीस पानं मोठ्याने वाचायची. बोली कानाला ओळखीची असते, डोळ्याला नसते. सोलापुरात बाजारात, एसटीत, शेजारात असलं मराठी रोज कानावर पडतंच. दोघांनी मिळून आळीपाळीने एकेक पान वाचलं तर उत्तम. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने टिंब द्यायचं आणि पुढे जायचं, थांबून अर्थ शोधायचा नाही. वीस पानांनंतर मागे येऊन पाहिलं तर निम्म्याहून जास्त टिंबांचा अर्थ संदर्भाने लागलेला असतो. उरलेले शब्द बहुधा शेतीची अवजारं, जनावरांची दुखणी, नात्यांची नावं असे असतात. ते एकदाच विचारून घ्यावेत. प्रत्येक शब्दाला थांबणारा वाचक पाच पानांत दमतो आणि दोष पुस्तकावर जातो.

कानडी येणाऱ्यांना आणखी एक वाट आहे. भैरप्पांचं 'पर्व' मराठीत उमा कुलकर्णी यांच्या अनुवादात आहे आणि मूळ कानडीही मिळतं. हेही पुष्कळांकडून सुरुवातीलाच सुटतं, पण कारण भाषा नाही. महाभारतावरची कादंबरी म्हणून उघडलेली असते आणि समोर येतो मद्र देशाचा म्हातारा राजा शल्य आणि त्याच्या घरातल्या लग्नांची, कन्याशुल्काची (वधूसाठी द्यायच्या मोलाची) बोलणी. पांडव कुठे आहेत असं वाटत राहतं. त्यातून बरंचसं कथन एकेका पात्राच्या मनातल्या आठवणींतून चालतं, काळ मागेपुढे होतो. समासात फक्त 'कोणाची आठवण' एवढं पेन्सिलीने लिहीत गेलं तर गोंधळ संपतो. गटातल्या एकाने कानडीतून आणि दुसऱ्याने मराठीतून पहिलं प्रकरण वाचून यावं, चर्चेला भरपूर मिळेल.

फर्मा१६

एक कारण कोणीच धरत नाही, ते म्हणजे प्रतीतला दोष. "मधेच संदर्भ तुटला, लेखक भरकटला" अशी तक्रार आली तर आधी पान क्रमांक तपासा. एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा म्हणजे फर्मा, असे फर्मे एकत्र बांधून पुस्तक होतं. साधारणपणे एक फर्मा सोळा पानांचा असतो. बांधणीत एक फर्मा राहून गेला की सोळा पानं गायब होतात, किंवा एकच फर्मा दोनदा लागतो. म्हणजे ६४ नंतर थेट ८१, नाहीतर ८० नंतर पुन्हा ६५. गायब झालेली किंवा पुन्हा आलेली पानं सोळाच्या पटीत असतील तर दोष बांधणीचाच. जुन्या पुस्तकांत फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा छापलेला असतो, ते आकडे ओळीने आहेत का पाहिलं की दोन मिनिटांत उलगडा होतो. पानं सुटी होऊन कोणी उलटसुलट ठेवली असतील तर मात्र उडी कितीचीही असू शकते.

वाचनालयातल्या जुन्या प्रती पुन्हा बांधल्या जातात, तेव्हा कडा कापतात आणि आतला समास शिवणीत जातो. ओळीचं शेवटचं अक्षर वाचायला पुस्तक दोन्ही हातांनी फाकवून धरावं लागतं. अर्ध्या तासात मनगट दुखतं आणि पुस्तक बाजूला पडतं. नुसत्या गोंदावर चिकटवलेल्या नव्या पुस्तकांचं वेगळंच. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या कपाटात राहिली की कणा तडकतो आणि पानं सुटतात. असं पुस्तक पूर्ण उघडून पालथं ठेवू नये.

अक्षराचा आकारही पाहा. साठीपुढच्या वाचकाला दाट ओळींचं बारीक टंकन तासभर झेपत नाही, तेच पुस्तक मोठ्या अक्षरांच्या आवृत्तीत सहज संपतं. सोडण्याआधी हिराचंद नेमचंद वाचनालयात वेगळी आवृत्ती आहे का, एवढं विचारून घ्यावं. अनुवादित पुस्तक असेल तर मुखपृष्ठामागच्या पानावर 'संक्षिप्त' किंवा 'रूपांतर' हा शब्द शोधा. संक्षिप्त प्रत वाचून मूळ लेखकाला तुटक ठरवणं हा अन्याय आहे.

ओवीओवी

काही ग्रंथ पहिल्या पानापासून ओळीने वाचायला घेतल्यामुळेच सुटतात. 'गीतारहस्य' हे त्याचं ठळक उदाहरण. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीने लिहिलेला आणि १९१५ मध्ये छापलेला हा ग्रंथ. यात पंधरा प्रकरणं, मग परिशिष्ट आणि नंतर श्लोकांचं भाषांतर व टीपा. वाचक पहिली पाच प्रकरणं बऱ्यापैकी वाचतो, सहाव्यात चाल मंदावते आणि सातव्या 'कापिलसांख्यशास्त्रा'त थांबतो. आठवं प्रकरण त्याहून जड. त्यामुळे अकरावं, 'संन्यास आणि कर्मयोग', जिथे टिळकांचा मुख्य मुद्दा उभा राहतो, तिथवर फार थोडे पोचतात.

माझ्या मते क्रम असा ठेवावा : दुसरं प्रकरण 'कर्मजिज्ञासा' आधी, कारण त्यात सत्य, अहिंसा यांतले पेच उदाहरणांनी येतात. मग पाचवं 'सुखदुःखविवेक', मग थेट अकरावं, मग चौदावं, ज्यात गीतेच्या अठरा अध्यायांची संगती लावली आहे. सांख्यांची प्रकरणं शेवटी. तेव्हा ती का लिहिली आहेत हे कळलेलं असतं.

ज्ञानेश्वरीचंही तसंच. सुमारे नऊ हजार ओव्या. पहिल्या अध्यायापासून सुरुवात करून दुसऱ्या-तिसऱ्यात पोथी बंद झालेली घरं खूप आहेत. बाराव्यापासून सुरू करा. अडीचशेच्या आत ओव्या, सगळ्यात आटोपशीर अध्यायांपैकी एक, आणि भक्ताची लक्षणं ओळखीची वाटतात. रोज पंचवीस ओव्या, आधी मोठ्याने मूळ आणि मगच अर्थ, असं केलं तर दहा दिवसांत अध्याय होतो. अठरावा अठराशेच्या वर ओव्यांचा आहे, त्याला हात शेवटी. इरावती कर्व्यांचं 'युगान्त' तर महाभारतातल्या व्यक्तिरेखांवरचे स्वतंत्र लेख असल्यासारखंच आहे. आवडत्या व्यक्तीपासून सुरू करायला काहीच हरकत नाही.

जुळेसोलापूर

सगळ्यांचे आभार. फर्म्याचं तर लक्षातच आलं नव्हतं. एक राहिलंच : गटात दोघांनी दलित आत्मकथनं अर्धवट ठेवली आहेत. "वाचवत नाही" असं म्हणतात. ते न आवडलेल्यात धरायचं का?

मधलं_पान

नाही धरायचं. बैठकीत 'आवडलं नाही', 'जमलं नाही' आणि 'सोसलं नाही' हे तीन शब्द वेगळे ठेवा. शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी' (१९८४) आपल्याच जिल्ह्यातलं आहे, ते अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे. त्यात भूक आणि बापाचं नाव नसणं इतकं उघडं येतं की वाचक पुस्तक मिटतो. तिथे पुस्तकाने आपलं काम केलेलं असतं. अशा वाचकाला "किती वाचलं" विचारू नका, "कुठल्या प्रसंगाला मिटलं" विचारा. पुस्तक लहान आहे. पुन्हा घ्यायचं तर रात्री झोपताना नको, सकाळी दोन बैठकांत वाचावं. थोडं थोडं करत महिनाभर वाचलं तर प्रत्येक वेळी पहिल्या धक्क्यापासून सुरुवात होते, म्हणून ते संपत नाही.

बैठकीचा हिशोब : चौदा जणांना प्रत्येकी चार मिनिटं म्हणजे ५६. उरतात ३४. पहिल्या फेरीत मधे कोणी बोलायचं नाही. प्रत्येकाने चिठ्ठीवर चारच गोष्टी आणायच्या : सुटलं ते पान, वरच्या तीनपैकी कुठला शब्द, पुस्तकातलं एक वाक्य जे खटकलं ते जसंच्या तसं, आणि हे पुस्तक कोणाला द्यावंसं वाटेल. लेखकाच्या स्वभावावर किंवा जातीवर बोलणं सुरू झालं तर तिथेच थांबवा. दुसऱ्या फेरीत चार पुस्तकं निवडा, जी गटात कोणीतरी पूर्ण वाचली आहेत. प्रत्येकाला आठ मिनिटं. पूर्ण वाचणाऱ्याने बचाव करायचा नाही. त्याने फक्त सुटलेल्या पानापासून पुढच्या वीस पानांत काय घडतं एवढं सांगायचं.

पूर्वभाग

खटकलेलं वाक्य जसंच्या तसं आणायला सांगाच. कारण ते उतरवून घ्यायला पुस्तक पुन्हा उघडावं लागतं. चिठ्ठ्या आठवडाभर आधी वाटा, शनिवारी रात्री नको. आणि 'कोणाला द्यावं' या रकान्यात माणसाचं नाव न लिहिता वाचकाचा प्रकार लिहायचा, उदाहरणार्थ 'शेतीची माहिती असलेला' किंवा 'महाभारत नीट माहीत असलेला'. त्या चिठ्ठ्या एका वहीत चिकटवून ठेवल्या की पुढच्या वर्षीची पुस्तकं निवडताना कामी येतील.