प्रति: ज्यू मुलांचं धर्मशिक्षण म्हणजे नुसतं पाठांतर?

"हिब्रू पाठ करून घेणं, एवढंच ना?" या प्रश्नावर थोडी भर. पाठांतर आहेच, पण पेसाख या ज्यू सणाच्या रात्रीचं विधीपूर्वक जेवण, म्हणजे सेदर, बघा. सगळ्यात लहान मूल विचारतं, 'आजची रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का?' आणि मोठ्यांनी उत्तर म्हणून मिसरमधल्या (म्हणजे इजिप्तमधल्या) गुलामगिरीतून ज्यूंच्या सुटकेची गोष्ट सांगायची. जेवणाआधी कडू भाजी, मिठाचं पाणी असं काहीबाही ताटात येतं, ते पोरांनी "हे का?" विचारावं म्हणूनही. मात्झाचा (बिनखमिराच्या रोटीचा) एक तुकडा, आफिकोमान, लपवतात. पोरं तो शोधून मोठ्यांकडून बक्षीस उकळतात, कारण तो खाल्ल्याशिवाय जेवण पुरं होत नाही. (अशी लाच आमच्या शाळेत असती तर!)

मला सगळ्यात आवडतो तो हग्गादातल्या (सेदरला वाचायच्या पोथीतल्या) चार मुलांपैकी चौथा, ज्याला प्रश्नच विचारता येत नाही. त्याच्यासाठी मोठ्यांना सूचना अशी की, तूच सुरुवात कर. चाळीस पोरांच्या वर्गात गप्प बसणाऱ्याकडे कोण बघतं?

आपल्याकडचंही सांगायला हवं. 1874 साली पुण्यात मराठी भाषांतरासह हग्गादा छापली गेली, आणि तिच्या चित्रांत मात्झा करणाऱ्या बायका साडीत आहेत. कोकणातून मुंबईला आलेल्या बेने इस्राएलींनी (मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी) त्याच सुमारास बायबलमधल्या गोष्टी मराठी कीर्तनातून सांगायला सुरुवात केली. अब्राहाम, योसेफ यांची आख्यानं साकी-दिंडीच्या चालीत कानावर पडली की वेगळं पाठ करायला कशाला लागतंय!

किशोरवयीन मुलांचं मात्र अवघड. बार मित्झ्वा (तेराव्या वर्षी मुलगा धर्मानुसार सज्ञान होण्याचा विधी) झाला की धर्मशिक्षणाच्या वर्गाला दांड्या, ही तक्रार सगळीकडची.