इलिझियम (2013): एवढा मोठा प्रश्न आणि एका शब्दात उत्तर?

काजवा
(शेवट उघड केला आहे. चित्रपट पाहायचा असेल तर पुढे वाचू नका.)

साल 2154. पृथ्वीची झोपडपट्टी झालीय, श्रीमंत वर अंतराळातल्या चक्राकार वसाहतीत राहतात. तिथे घरोघरी मेड-बे: आत झोपलं की काही सेकंदांत कॅन्सरसुद्धा बरा. खाली मॅक्स (मॅट डेमन) रोबो बनवणाऱ्या कारखान्यात राबतो. किरणोत्सर्गाच्या कक्षाचं दार अडकतं, मुकादम म्हणतो आत जा नाहीतर नोकरी गेली. तो जातो, दार बंद होतं, किरणोत्सर्ग होतो. हातात पाच दिवस. आणि मालकाला चिंता कसली, तर बिछान्यावरच्या चादरी बदलाव्या लागतील याची! दिग्दर्शक नील ब्लोमकँपने वर्गभेद इथे एका वाक्यात उभा केलाय.

म्हणूनच शेवट जिव्हारी लागतो. लोकांना चोरून वर पोहोचवणारा स्पायडर वसाहतीच्या संगणकात पृथ्वीवरच्या लोकांच्या नोंदीतलं 'बेकायदेशीर'चं 'कायदेशीर' करतो आणि मेड-बे असलेली वैद्यकीय अंतराळयाने लगेच पृथ्वीकडे निघतात. ती आधीपासून तयार उभी होती? कोणासाठी? वर तर प्रत्येक घरात यंत्र आहे. दीड तास जो अन्याय पोलादी भिंतीसारखा दाखवला, तो कळ दाबताच नाहीसा होतो. पटकथेची ही सगळ्यात मोठी चूक.

रातराणी
अजिबात पटलं नाही. याने तयार होती हाच तर मुद्दा आहे. तुटवडा कधी नव्हताच, अडवणूक होती. हिशोब करून पाहा: एका माणसाला एक मिनिट धरलं तर एक यंत्र दिवसाला 1440 जणांना बरं करेल. 1000 यंत्रं म्हणजे रोज 14 लाख 40 हजार. 100 कोटी लोक दोन वर्षांच्या आत. शेवटी यंत्रमानव स्पायडरला अटक करत नाही, कारण नोंदवहीत तो आता नागरिक आहे. भिंत पोलादाची नव्हती, नोंदीची होती.

मोजपट्टी
मला वसाहतीची रचना जास्त खटकते. 1975 साली नासाच्या उन्हाळी अभ्यासगटाने जो 'स्टॅनफर्ड टोरस' (फिरत्या चाकासारख्या बंद नळीतल्या अंतराळवसाहतीचा आराखडा) मांडला, त्यावरून हे चाक सुचलेलं उघड दिसतं. तो 1.8 किलोमीटर व्यासाचा, मिनिटाला एक फेरी घेणारा, 10,000 माणसांचा. पण नळी पूर्ण बंद. इथे आतली बाजू उघडी ठेवलीय, म्हणजे याने थेट हिरवळीवर उतरू शकतात. फिरण्यामुळे हवा तळाशी दाबली जाते हे खरं, पण पृथ्वीएवढ्या गुरुत्वात हवेचा दाब साधारण साडेआठ किलोमीटरवर एक-तृतीयांशाच्या थोडा वर राहतो. कडेची भिंत 2 किलोमीटर उंच धरली तरी वरच्या काठावर जवळजवळ 80 टक्के दाब उरतो. ती सगळी हवा काठावरून ओसंडून जाणार. भिंत कित्येक दहा किलोमीटर उंच हवी.

आणि वसाहतीचा पृथ्वीवरचा हस्तक क्रुगर खाली उभा राहून खांद्यावरच्या क्षेपणास्त्रांनी अंतराळातली याने पाडतो! खांद्यावरून डागायच्या क्षेपणास्त्राचा पल्ला काही किलोमीटर असतो. कक्षेच्या उंचीवर नेण्याइतकं इंधन त्या नळीत मावतच नाही.

रातराणी
क्षेपणास्त्रांचं मान्य. पण किरणोत्सर्गाचे पाच दिवस मात्र बरोबर आहेत. 10 ग्रेच्या (ग्रे म्हणजे शरीराने शोषलेल्या किरणोत्सर्गाचं एकक) वर मात्रा गेली की तासाभरातच उलट्या सुरू होतात, मग थोडा काळ रुग्ण बरा वाटतो आणि त्यानंतर आतड्याचं अस्तर झडून काही दिवसांत मृत्यू. मॅक्सची धावपळ त्या मधल्या फसव्या काळात बसते.

मोजपट्टी
बसते, पण त्याच शरीरात हाडांना स्क्रू मारून धातूचा सांगाडा जोडलाय. अस्थिमज्जा कोलमडत असताना पांढऱ्या पेशी घटतात, जखम भरत नाही, जंतुसंसर्ग आधी गाठतो. त्यात क्रुगर पोटात सुरा खुपसतो. दोन संवादांत ही किंमत दाखवता आली असती.

तिरपा कोन
विज्ञानापेक्षा मारामारी तपासा, हा अ‍ॅक्शनपट आहे. सांगाड्यामुळे मॅक्सला यंत्रमानवाची ताकद येते. तो यंत्रमानवाचं डोकं उपटतो तेव्हा नियम कळतो, थरार येतो. शेवटी मात्र क्रुगरच्या अंगावरही सांगाडा. दोघांची ताकद सारखी, म्हणजे ताकदीला अर्थच नाही, नुसती रेटारेटी. वर हलता कॅमेरा आणि झटपट संकलन, त्यामुळे कोण कुठे उभा आहे कळत नाही. मॅक्स जिंकतो तो क्रुगरच्या सांगाड्याची केबल उपसून. हा कच्चा दुवा स्पायडरची माणसं मॅक्सला सांगाडा बसवतात तेव्हाच दाखवायला हवा होता: केबल सैल, मॅक्सचा हात लुळा, पुन्हा घट्ट. दहा सेकंदांचं काम.

दुसरं, खलनायकाची अदलाबदल. संरक्षणमंत्री डेलाकोर्टच्या (जोडी फॉस्टर) गळ्यात क्रुगर काच खुपसतो आणि राजकीय संघर्ष तिथेच संपतो. उरतो तो एक माथेफिरू. माथेफिरूशी वाद घालता येत नाही, फक्त त्याला उचलून फेकता येतं.

काजवा
रातराणी, हिशोब वाचून माझा आक्षेप बदलतो, मागे घेत नाही. तुटवडा नव्हता हे मान्य. मग यंत्रं अडवून वरच्यांना मिळतं काय? डेलाकोर्ट घुसखोरीबद्दल बोलते, घरादाराच्या रक्षणाबद्दल बोलते. मेड-बे खाली का द्यायचे नाहीत, यावर तिच्या तोंडी एक वाक्य नाही. तिला शेवटपर्यंत जिवंत ठेवून, स्पायडर तो शब्द बदलत असताना तिच्याकडून हे वदवून घ्यायला हवं होतं. तिरपा कोन म्हणतात ती अदलाबदल मला इथेच सर्वात महाग वाटते.