पाच विणकामं अर्धवट आणि दोन मुलं लहान, कसं जमवता?

लोकरीचागुंडा:
नमस्कार मंडळी, वर्षभर नुसतीच वाचतेय इथे, आज पहिल्यांदा काहीतरी विचारतेय. मुलगी साडेतीन वर्षांची, मुलगा दहा महिन्यांचा, राहायला पुण्यात. विणकाम आईकडून शिकले, बारावीपासून विणतेय आणि ते सोडायचं नाहीये हे आधीच सांगते, कारण "मुलं मोठी होऊ देत मग कर" हे ऐकून ऐकून कंटाळलेय. दिवसातली तीच वीस मिनिटं माझी असतात.

तर सध्या सुयांवर काय काय आहे ते सांगते. लेकीचा लाल स्वेटर, पुढे वेणीची नक्षी आहे, गेल्या दिवाळीच्या आधी सुरू केला होता, पाठ पूर्ण आणि पुढचा भाग अर्धा. मग धाकट्याचं ब्लँकेट, पोटात असताना सातव्या महिन्यात सुरू केलं होतं, तो आता रांगायला लागला तरी ते चालूच आहे. नणंदेला डिसेंबरमध्ये बाळ होणार आहे, बाळंतविडा मीच विणणार असं कबूल केलंय, त्यातलं फक्त टोपडं झालंय, स्वेटर आणि मोजे बाकी. सासऱ्यांना सकाळी फिरायला जाताना लागतो म्हणून मफलर. आणि माझ्यासाठी एक जाळीची शाल, ती फक्त मला आवडली म्हणून.

परवा काय झालं, लाल स्वेटर दिवाणावर ठेवून मी दूध उतू जाईल म्हणून आत पळाले, दोन मिनिटं पण नसतील झाली, बाहेर आले तर लेक हातात सुई घेऊन "आई बघ माझी जादूची कांडी" म्हणून नाचतेय आणि ८४ टाके मोकळे लोंबतायत. तिला काही बोलले नाही पण नंतर बाथरूममध्ये जाऊन रडले. वेणीतले पाच सहा टाके खाली घसरलेत, तेव्हापासून पिशवी उघडलीच नाहीये.

तर विचारायचं असं की तुम्ही एक संपवूनच दुसरं घेता का सगळं एकदम चालू ठेवता? मध्येच उठावं लागलं तर कुठे होतो ते कसं लक्षात ठेवता? आणि मुलांपासून कसं वाचवता?

ठाण्याचीमधुरा:
अगं आधी तो लाल स्वेटर, कारण तो जितका पडून राहील तितकी भीती वाढते. मोकळे टाके आपोआप भराभर उसवत नाहीत, ओढलं तरच उसवतात, त्यामुळे दोरा अजिबात ओढू नकोस. टेबलावर सपाट पसरव, रात्री दोघं झोपल्यावर, वर चांगला दिवा लाव. तू १० नंबरवर विणत असशील तर १२ नंबरची बारीक सुई घे आणि नुसते सगळे टाके उचल, सुलट उलट वाकडा कसाही बसला तरी चालेल, दिशा पुढच्या ओळीत सरळ करता येते. जे खाली घसरलेत त्यांच्या वर आडवे धागे शिडीसारखे दिसतील, क्रोशाची सुई सुटलेल्या टाक्यात घालायची आणि सगळ्यात खालचा आडवा धागा त्यातून ओढून घ्यायचा, मग त्याच्या वरचा, असं एकेक पायरी चढत यायचं. वेणीच्या जागी मात्र वळण कुठल्या ओळीत होतं ते पाठीवरून बघून घे, पाठीवर पण वेण्या असतील तर. नसतील तर शेजारच्या वेणीवरून ओळी मोज. अर्ध्या तासाचं काम आहे, खरंच.

आता तुझा मूळ प्रश्न. माझी जुळी आहेत, आता सहा वर्षांची. मी एका वेळी तीनच ठेवायचे आणि तिन्ही वेगळ्या जातीची. एक असं की ज्यात डोकं लागतच नाही, सगळ्या ओळी सुलट, तुझा मफलर तसलाच असेल, ते बाग, पार्किंग, डॉक्टरकडची रांग, मूल मांडीवर झोपलंय आणि हलता येत नाहीये अशा वेळचं. दुसरं थोडं मोजावं लागणारं, मुलं जागी पण आपली आपली खेळतायत तेव्हा. आणि तिसरं अवघड, वेणी किंवा जाळी, ते मुलं झोपल्यावरच काढायचं, दिवसा त्या पिशवीला हात लावायचा नाही. तुझी खरी अडचण पाच आहेत ही नाहीये, त्यातली जवळजवळ सगळी एकाच प्रकारच्या वेळेला टपलेली आहेत ही आहे. वेणी, जाळी, बाळाचा स्वेटर, तिन्हीला रात्रीची शांतता लागते आणि ती तुला मिळते किती, अर्धा तास.

मध्येच उठण्याबद्दल: ओळ संपवायच्या नादात मुलाला रडत ठेवू नकोस, ओळीच्या मध्ये थांबलीस तरी काही होत नाही. परत हातात घेताना ज्या टाक्याला धागा लोंबतोय तो उजव्या हातात असला पाहिजे एवढंच बघ, म्हणजे उलट दिशेने विणायला सुरुवात होत नाही. आणि ओळींचा हिशेब मोबाईलमध्ये नको, मोबाईल हातात घेतला की पाच मिनिटं गेलीच. पिशवीत एक कार्ड आणि बॉलपेन दोऱ्याने बांधून ठेव, दर ओळीला एक रेघ.

नाशिककर आजी:
मुली, चार मुलांचे आणि सात नातवंडांचे स्वेटर विणलेत मी, म्हणून दोन शब्द लिहिते. आमच्या वेळी पाच पाच कामं चालू ठेवायची चैन नव्हती कारण लोकरच तेवढी नसायची. मोठ्याचा लहान झाला की उसवायचा, खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात भिजवून खाली जड वाटी अडकवून वाळत टांगायची म्हणजे लोकरीचे कुरळे वळ जातात. मग मध्ये एखाद्या दुसऱ्या रंगाचे पट्टे घालून पुढच्याला विणायचा. ॲक्रिलिकचे वळ तितके जात नाहीत, पण विणल्यावर धुतलं की बसतं.

हे सांगायचं कारण, उसवायला घाबरू नकोस. ज्या कामाची पिशवी बघून छातीत धस्स होतं ते उसवून टाकलं तरी लोकर तुझीच आहे, कुठे जात नाही. पण सगळ्यांत आधी लेकीची छाती मोज बरं. अडीच वर्षांच्या मापाने घातलेला स्वेटर साडेतीनला बसणार आहे का? मुलं थांबत नाहीत ग आपल्यासाठी.

लोकरीचागुंडा:
मधुरा, काल रात्री साडेदहाला बसले. उचलले सगळे टाके!! ८४ च्या ८४. एक शिडी नऊ पायऱ्यांची होती, तुम्ही सांगितलं तसं क्रोशाच्या सुईने वर आणली, शेवटचा टाका सुईवर चढवला तेव्हा हात थरथरत होते. वेणीचं एक वळण जरा सैल दिसतंय पण चालेल.

आणि आजी, तुमचं वाचून आज सकाळी फ्रॉक घालताना टेप लावला. छाती साडेबावीस इंच. पाठीचा भाग मोजला तर साडेअकरा, म्हणजे दोन्ही मिळून २३, आतून एक टीशर्ट घातला की घट्टच होणार आणि लांबी तर पोटापर्यंतच येतेय. म्हणजे संपवला तरी तिला होणार नाही. दिवसभर हेच डोक्यात आहे. उसवू का?

ढगाळटोरांटो:
थांब थांब, उसवू नको इतक्यात!! धाकटा आहे ना तुला. आत्ता दहा महिन्यांचा, पुढच्या वर्षीच्या थंडीत दोन वर्षांचा होईल. दोन वर्षांच्या मुलाची छाती साधारण २१ इंच असते, वर दोन इंच सैल धरले की २३, म्हणजे तुझा स्वेटर त्याचाच आहे. बाह्या त्याच्या मापाने घाल, आणि आता घाई संपली, सव्वा वर्ष आहे तुझ्याकडे. सुई मात्र त्यात अडकवून ठेवू नको, महिनोन् महिने राहिली की त्या ओळीवर वळ पडतो, टाके जाड दोऱ्यावर उतरवून ठेव आणि चिठ्ठी लाव, किती नंबरची सुई, कितवी ओळ, वेणी दर किती ओळींनी, आणि लोकरीच्या कागदावरचा लॉट नंबर (एकदम रंगवलेल्या लोकरीला एकच नंबर असतो) पण त्याच चिठ्ठीला टाच, कारण गुंडा कमी पडला तर त्याच लॉटचा लाल नंतर मिळत नाही, वेगळ्या लॉटचा लाल उन्हात लगेच वेगळा दिसतो. परत घेशील तेव्हा आधी पाठीवर चार इंचात किती टाके आहेत ते मोजून बघ, वर्षभरात हात घट्ट किंवा सैल होतो आणि मग पाठ एक मापाची नि पुढा दुसऱ्या.

लेकीला नवीन घाल पण साधा, वरून खाली विणायचा, गळ्यापासून सुरू करून रॅगलन, म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंत तिरक्या रेषांत टाके वाढवत बाह्या अंगासोबतच विणायच्या, शिवण काहीच नाही. याचा फायदा असा की मुलं दोन वर्षांनंतर रुंदीत फार वाढत नाहीत, छाती वर्षाला जेमतेम एक इंच, उंची मात्र सहा सात सेंटीमीटर. म्हणजे जे कमी पडतं ते खाली आणि मनगटाशी, आणि या पद्धतीत नेमक्या त्याच कडा शेवटी येतात. एक गुंडा राखून ठेवायचा, पुढच्या वर्षी खालची बॉर्डर उसवून टाके उचलायचे आणि दोन इंच वाढवायचे. माझ्या मुलाने असा एक स्वेटर तीन हिवाळे घातलाय. इथे टोरांटोत ऑक्टोबरपासून लागतो त्यामुळे माझं सगळं वेळापत्रक थंडीवरच चालतं. हातमोजे मी नेहमी तीन विणते, दोन नाही, कारण एक शाळेत हरवतोच, तिन्ही एकसारखे, डावा उजवा असा फरकच ठेवत नाही.

रात्रपाळीतलाबाबा:
मी पुरुष आहे आणि विणतो, आईने शिकवलं, माझी मुलगी चार वर्षांची. सुरक्षेबद्दल थोडं, कारण त्यावर कोणी बोललं नाहीये.

लांब ॲल्युमिनियमच्या सुया लहान मुलं असलेल्या घरात नकोतच असं माझं स्पष्ट मत. मूल मांडीवर येऊन आदळलं तर टोक कुठे जाईल सांगता येत नाही. बांबूची गोल सुई घ्या, दोन आखूड टोकं आणि मध्ये वायर, सपाट भागही त्यावरच विणता येतात, टाके वायरवर ढकलून ठेवले की कोणी ओढलं तरी एकदम निघत नाहीत. थांबताना दोन्ही टोकांना खोडरबरचा तुकडा टोचायचा. पिशवी दाराच्या वरच्या खुंटीला. आणि बटणं, टाक्यांच्या खुणेच्या कड्या, कात्री हे सगळं झाकणाच्या डब्यात, तुमचं दहा महिन्यांचं पिल्लू जमिनीवरचं सगळं तोंडात घालत असणार.

बाळंतविड्याबद्दल एक महत्त्वाचं: मोजे विणून झाले की आतून बाहेर उलटा आणि एकही मोकळा धागा लोंबत नाही ना बघा. बाळाच्या पायाच्या बोटाला धागा गुंडाळला जाऊन रक्त थांबू शकतं, बाळ नुसतं रडतं आणि कारण कळत नाही. दोऱ्याची टोकं कमीत कमी दोन इंच आत ओवून टाका. टोपड्याला लांब बंद नकोत.

अजून एक सवय. दर दहा बारा ओळींनी जाड सुईत वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून काढून ठेवायचा. पुढे काहीही झालं तरी त्या दोऱ्याच्या खाली उसवत नाही. दोन मिनिटं लागतात. वेणी आणि जाळीत तर करायचंच, तुमच्या शालीत आजच घाला.

लेकीला बाजूला ठेवण्यापेक्षा काम द्या. माझी ठोकळे मोजते, एक ओळ झाली की मी "झाली" म्हणतो आणि ती एक ठोकळा या टोपलीतून त्या टोपलीत टाकते. सात आठ ओळींनंतर कंटाळते, पण तेवढं होतं.

नाशिककर आजी:
टोरांटोवालीने बरोबर सांगितलं, मला भावाचं सुचलं नाही बघ. आता नणंदेचं बोलू. बाळ डिसेंबरात, म्हणजे थंडीचे दोन अडीच महिनेच हाताशी, शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत गेली की लोकरीचं काही अंगावर ठेववत नाही. तेव्हा पुढे होईल म्हणून सहा महिन्यांचं माप घालू नकोस, मार्चमध्ये ते कपाटात जाईल. १६ इंच छाती धर, वर दीड दोन इंच सैल, पुढून पूर्ण उघडणारा कर, बाळाच्या डोक्यावरून काही घालताना नवी आई घाबरते. एवढ्या स्वेटरला १०० ग्रॅम लोकर पुरते. हे सगळ्यांत आधी, बाकी सगळं थांबू शकतं.

मफलर सासऱ्यांनाच सांग, "बाबा अर्धा झालाय, दिवाळीपर्यंत देते". ते समजून घेतील.

लोकरीचागुंडा:
सगळ्यांना खूप खूप थँक्यू, किती नीट लिहिलंत सगळ्यांनी. लाल स्वेटर दोऱ्यावर उतरवला, चिठ्ठी लावली, वर "दादूसाठी" (धाकट्याला आम्ही दादू म्हणतो) असं लिहिलं आणि कपाटात वर ठेवला. उसवायला लागला नाही याचं इतकं बरं वाटलं. ब्लँकेटचं पण ठरवलं, आहे तेवढ्यावर टाके बंद करून टाकले, ३० इंच झालंच होतं, चारी बाजूंनी क्रोशाची एक ओळ घातली आणि आजच दुपारी तो त्याच्यावर झोपलाय. जाळीची शाल ठेवणार आहे, रात्रीची, फक्त माझी, पंधरा मिनिटं मिळाली तरी.

नणंदेच्या स्वेटरचे टाके काल घातले, फिकट पिवळी लोकर आणलीय, दोन्ही गुंडे एकाच लॉटचे बघून घेतले. गोल सुई बांबूची मागवलीय. लेक टोपलीत ठोकळे टाकायला बसली होती, सहा ओळी झाल्यावर म्हणाली "आता मला विणायचंय". किती वर्षांपासून शिकवता तुम्ही? नुसत्या बोटांवर साखळी घालायला साडेतीन लवकर होईल का?

रात्रपाळीतलाबाबा:
माझ्या मुलीला साखळी चार वर्षांची झाल्यावर जमली. तुमची जाड लोकर घेऊन मांडीवर बसवून बघा, फास तुम्ही धरा आणि ओढायचं काम तिला द्या. ती साखळी उसवू मात्र नका, तिला गळ्यात नाही, हातात बांगडीसारखी बांधून द्या.