मदत हवी आहे: नाताळात केरळ, स्वस्त ग्रुप टूर घ्यावी की स्वतः गाडी ठरवून जावं?

अबोली
२३ ते २९ डिसेंबर केरळला जायचं ठरतंय. माणसं पाच: सासरे ७१, सासूबाई ६६ (गुडघे दुखतात, जिने नकोत), आम्ही दोघं आणि ९ वर्षांची मुलगी. सगळे शाकाहारी. एका ग्रुप टूरचं कोटेशन आलंय: मोठ्यांना माणशी ३४,००० आणि मुलीला २७,०००, वर ५ टक्के जीएसटी. कोचीला जॉइन व्हायचं, त्रिवेंद्रमला सुटायचं, विमान आपलं आपण. मुक्काम कोची १, मुन्नार २, थेकडी १, कोवळम २. पाचव्या दिवशी 'थेकडी – अलेप्पी बॅकवॉटर राइड – कोवळम' आणि सहाव्या दिवशी कन्याकुमारी. नाश्ता आणि दोन्ही जेवणं त्यातच. हे घ्यावं की स्वतः आखावं? ज्येष्ठांना झेपेल असं सांगा.

घाटवाट
किमतीआधी पाचवा दिवस बघा. थेकडी ते अलेप्पी साधारण १४० किमी, निम्मा रस्ता घाटाचा, चार तास. अलेप्पी ते कोवळम आणखी १६० किमीच्या वर, म्हणजे पुन्हा चार-साडेचार तास. मोठी बस, चाळीस माणसं, दोन वेळचं जेवण आणि स्वच्छतागृहाचे थांबे धरले तर सकाळी ७ला निघून रात्री ९ च्या आत हॉटेल हाती लागणार नाही. दुसऱ्या दिवशी लगेच कन्याकुमारी, जाऊन-येऊन १८० किमी. दुखऱ्या गुडघ्यांना चालण्यापेक्षा असं तासन्‌तास पाय मुडपून बसणं जास्त भोवतं.

आता शब्द बघा. 'बॅकवॉटर राइड' म्हणजे तासाभराची बोट, हाउसबोटीवरचा मुक्काम नव्हे. 'मुन्नार' लिहिलेलं हॉटेल पुष्कळदा आनच्चाल, चितिरपुरम किंवा थेट अडिमालीला असतं. अडिमाली मुन्नारच्या जवळपास ३० किमी खाली आहे, तिथून रोज घाट चढा-उतरायचा आणि थंडीही मुन्नारची मिळत नाही. हॉटेलचं नाव लेखी मागा. 'किंवा तत्सम' एवढंच उत्तर आलं तर निदान गावाचं नाव तरी लिहून घ्या.

चिंचबन
हिशेब मांडते. ग्रुपचे १,३६,००० अधिक २७,०००, म्हणजे १,६३,०००. जीएसटी ८,१५०. एकूण १,७१,१५०, शिवाय विमान.

स्वतःचा हिशेब असा. आकडे गृहीत धरलेत, तुम्हाला मिळतील ते भरा. दोन खोल्या, पाच रात्री, खोलीला ५,००० = ५०,०००. दोन बेडरूमची हाउसबोट एक रात्र १८,०००, जेवणासकट. सात आसनी गाडी सात दिवस, दिवसाला ४,५०० = ३१,५००. बाकीची जेवणं १८,०००. तिकिटं ८,०००. बेरीज १,२५,५००.

इथे माणसं किती हाच सगळा प्रश्न आहे. गाडीचे ३१,५०० पाचांत वाटले तर माणशी ६,३००. दोघंच असतील तर १५,७५०, आणि मग ग्रुप स्वस्त पडायला लागतो. एकट्यादुकट्याने नक्की ग्रुप घ्यावा. पाच जणांची गाडी भरत असताना ग्रुपच्या किमतीतला तो फायदा उरत नाही.

गाडी ठरवताना चार गोष्टी मेसेजवर लिहून घ्या: दिवसाच्या भाड्यात किती किलोमीटर, वरच्या किलोमीटरला दर काय, ड्रायव्हरचा भत्ता आणि रात्रीची सोय कोणाकडे, टोल-पार्किंग कोणाचं. पिवळी नंबर प्लेट असलेलीच गाडी घ्या. पांढऱ्या प्लेटची खाजगी गाडी भाड्याने चालवली आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा अडकतो.

केळफूल
ग्रुपची बाजू मांडणंही गरजेचं आहे. पोळी-भाजी-वरण रोज ताटात येतं, आणि आठवडाभर नारळाच्या तेलातलं जेवण न चालणाऱ्या ज्येष्ठांसाठी ही छोटी गोष्ट नाही. बॅगा खोलीपर्यंत जातात. अचानक हरताळ झाला, सकाळी ६ ते संध्याकाळी ६ गाड्या बंद, तर पुढचं हॉटेल सांभाळणं मॅनेजरचं काम असतं, तुमचं नाही. कोणी आजारी पडलं तरी सोबत माणूस असतो. घरात फोनाफोनी करायला कुणीच मोकळं नसेल तर ग्रुपच घ्या, पण दुसरा: सात दिवसांत तीनच मुक्काम बदलणारा. बसमध्ये जागा रोज फिरत्या आहेत का, हेही आधी विचारा. घाटात शेवटच्या रांगेत ज्येष्ठांचे हाल होतात.

अबोली
सगळ्यांचे आभार. तासांचा हिशेब आम्ही केलाच नव्हता. गाडी करून गेलो तर कोवळम-कन्याकुमारी सोडावं लागेल का? आणि डिसेंबरात वेगळं काय सांभाळायचं?

घाटवाट
हो, सोडाच. २३ कोची, २४ आणि २५ मुन्नार, २६ थेकडी, २७ हाउसबोट, २८ पुन्हा कोची, २९ परत. विमानही कोची ते कोची स्वस्त पडू शकतं. नाशिक बाजूचे असाल तर मंगला एक्सप्रेस नाशिक रोड, कल्याण, पनवेल करत एर्नाकुलमला (म्हणजे कोचीलाच) जाते. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी काढा, कारण तो शबरीमलाचा हंगाम असतो.

शबरीमलाच्या गर्दीचं ग्रुप टूरवाले सहसा सांगत नाहीत. नोव्हेंबरच्या मध्यापासून यात्रा सुरू होते आणि मंडलपूजा २६-२७ डिसेंबरच्या सुमाराला येते. तमिळनाडूकडचे यात्रेकरू कुमळीवरून, म्हणजे थेकडीच्याच दारातून जातात, आणि अलेप्पीला उतरताना मुंडक्कयमच्या बाजूला गर्दी लागते. २७ला सकाळी साडेसहाला निघा. हाउसबोट १२ला सुटते, उशीर झाला तर तुमचाच वेळ जातो. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला बोटी बांधून ठेवतात, कारण नंतर पाण्यात मासेमारीची जाळी पडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ९ला उतरायचं. स्वस्त बोटींत एसी फक्त रात्री ९ ते सकाळी ६ चालतो. दुपारीही हवा असेल तर 'पूर्ण वेळ एसी' असं लिहून घ्या. आणि झोपायच्या खोल्या खालच्याच डेकवर हव्यात, वरचा जिना अरुंद आणि उभा असतो.

सासूबाईंसाठी: मुन्नारजवळच्या एराविकुलम राष्ट्रीय उद्यानात (राजमला) वन खात्याच्या बसने वर नेतात, पुढे चढाचा रस्ता पायी आहे. तिथे तुम्ही तिघं जा, तिकीट ऑनलाइन वेळ ठरवून काढा, नाताळात खिडकीवर अवघड होतं. ज्येष्ठांना त्या वेळात हॉटेलवर आराम करू द्या, मट्टुपेट्टी धरण दुपारी सगळ्यांना मिळून बघता येईल.

चिंचबन
एक राहिलं. २४ आणि ३१ डिसेंबरला बरीच हॉटेलं 'गाला डिनर' सक्तीचं करतात आणि माणशी वेगळे पैसे लावतात. जे ऑनलाइन दरात दिसत नाहीत ते काउंटरवर कळतात. तुमची २४ची रात्र मुन्नारला आहे, तेव्हा आधी फोन करून 'पाच माणसं, शाकाहारी, गाला डिनर धरून एकूण किती' असं विचारा आणि उत्तर ईमेलवर मागवा. खोल्या तळमजल्यावर किंवा लिफ्टजवळ, हेही त्याच ईमेलमध्ये. मुन्नारची बरीच रिसॉर्टं उतारावर बांधलेली आहेत, रिसेप्शन वर आणि खोल्या चाळीस-पन्नास पायऱ्या खाली. फोटोत ते कळत नाही.

केळफूल
मट्टनचेरी राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि ज्यूंचं सिनेगॉग शनिवारी. २३ किंवा २८ला यांपैकी कोणता वार येतो ते पाहूनच कोचीचा दिवस ठरवा. मसाल्याची बाग आणि चॉकलेटची दुकानं ड्रायव्हर आपणहून दाखवतात, त्यांना तिथे कमिशन असतं. बाग बघायला हरकत नाही, वेलची मात्र कुमळीच्या बाजारात दोन-तीन दुकानांत भाव विचारून घ्या.

अबोली
गाडीच करतोय. हॉटेलांना आज ईमेल पाठवते, दर आले की इथेच टाकेन. दोन बेडरूमच्या हाउसबोटीत नऊ वर्षांच्या मुलीसाठी जादा गादीचे पैसे लावतात का?

घाटवाट
सहसा पाच वर्षांपर्यंत फुकट आणि त्यापुढे जादा गादी आणि जेवण मिळून वेगळा आकार, पण बोटीगणिक फरक असतो. वय लिहूनच दर मागा. लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचं आहे का, हेही विचारा.