एककांची अदलाबदल : तुमचे अनुभव लिहा

फळाखडू : अकरावीच्या भौतिकशास्त्रात पहिलाच धडा एककांचा आणि मापनाचा. मुलं तो उरकून टाकतात आणि पुढे वर्षभर त्याच्याच पायी गुण घालवतात. ताशी ७२ किमी म्हणजे सेकंदाला २० मीटर, ५/१८ ने गुणायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. परीक्षेच्या घाईत त्याचं १८/५ होतं. म्हणून मी तो अपूर्णांक पाठच करू देत नाही. किमीच्या जागी १००० मीटर, तासाच्या जागी ३६०० सेकंद मांडा आणि आकड्यांबरोबर एककंही वर-खाली छेदा, एवढंच सांगते. तुम्ही शिकताना, शिकवताना, कामावर काय करता? हात आखडता न घेता लिहा.

कालवाकाठ : उभी नोकरी पाटबंधाऱ्यात गेली, त्यामुळे जरा लांबण लावतो. पावसाळ्यात बातमी येते, ‘धरणातून ५०,००० क्यूसेक विसर्ग’. लगेच शेजारीपाजारी विचारतात, म्हणजे किती टीएमसी गेलं हो? क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. एक वेग, दुसरा साठा. मध्ये वेळ आल्याशिवाय यांची गाठच पडत नाही. दिवसाचे सेकंद ८६,४००. १०० कोटींना त्याने भागलं की ११,५७४. तेवढे क्यूसेक दिवसभर सोडले की एक टीएमसी रिकामं. ५०,००० ने दिवसाला ४.३२ टीएमसी.

खरी गंमत पुढे आहे. कोयनेचा साठा सांगतात १०५.२५ टीएमसी आणि जायकवाडीचा २,९०९ दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. आकडे बघून कुणालाही जायकवाडी अवाढव्य वाटेल. एक फूट ०.३०४८ मीटर, त्याचा घन ०.०२८३, म्हणून एक टीएमसी म्हणजे २८.३ दलघमी. त्या हिशेबाने कोयना २,९८० च्या आसपास, म्हणजे किंचित मोठीच! आमच्याकडे नव्याने आलेली इंजिनिअर पोरं फुटाचे मीटर बिनचूक करायची, घन तेवढा राहायचा. मग धरण एकदम दहापटींनी फुगायचं.

विहीरवाला : काका, मस्त! आमचा पंप पाच एचपीचा. एक एचपी ७४६ वॅट, म्हणजे पंप ३,७३० वॅटचा. एक लिटर पाणी ३० मीटर वर चढवायला साधारण २९४ ज्यूल. भागाकार केला की सेकंदाला साधारण १२.७ लिटर. पाइपात पाणी मात्र कमी येतं, कारण घर्षण आहे, पंपाची कार्यक्षमता आहे. पुतणीला हेच गणित दिलं, तर तिने आधी विचारलं, ‘बिलातलं युनिट म्हणजे किती ज्यूल?’ ३६ लाख. मग बिल काढून बसली, गणित राहिलं बाजूला.

उणे२७३ : शिकवणीत दरवर्षी दिसणारी एक गोष्ट. पाणी २० अंशांवरून ७० वर नेलं, तर तापमानवाढ ५० सेल्सिअस आणि ५० केल्विनही. सेल्सिअसमधल्या तापमानाचं केल्विन करताना २७३ मिळवायचे, वाढीत नाही. तरी मुलं त्या ५० मध्ये २७३ मिळवतातच.

समुद्रापार : एककांच्या घोळात गमावलेल्या नासाच्या मंगळावरच्या यानाचं, मार्स क्लायमेट ऑर्बिटरचं उदाहरण कुणीतरी देणारच, म्हणून मीच देतो. १९९९ ची गोष्ट. एका बाजूचं सॉफ्टवेअर आवेग (बल गुणिले वेळ) पाउंड-सेकंदात देत होतं, दुसरी बाजू तो न्यूटन-सेकंद समजत होती. फरक ४.४५ पट. पाउंडाचे किलो केले (०.४५३६) आणि ९.८ ने गुणलं की हाच आकडा येतो. इथे अमेरिकेत पाउंड वस्तुमानालाही म्हणतात आणि बलालाही, त्यामुळे कागदावर नुसतं ‘पाउंड’ दिसलं की मी अजूनही फोन करून विचारतो.

सातबारा : मुलाच्या गणितातून आमच्या जमिनीवर आलो. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १,०८९ चौरस फूट, म्हणजेच १०१.१७ चौरस मीटर. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं, आणि एक आर बरोबर १०० चौरस मीटर. गावात दोन्ही सर्रास एकच धरतात. एकराला ४० गुंठे, म्हणजे फरक ४७ चौरस मीटरचा. वीतभर बांधासाठी कोर्टात जाणारी माणसं हा कसा सोडतात, कोण जाणे!